हात मागे

मासळीवालीने पापलेट या अंगावरून त्या अंगावर पालथं करून दाखवलं, आणि त्याच वेळी ॲडेलिनचा उजवा हात आपोआप वर उचलला गेला आणि छातीशी येऊन अडकला. तळ्याच्या काठाने मुक्यांच्या शाळेतल्या मुली सकाळचा फेरफटका आटोपून दोन-दोनच्या रांगेत परत चालल्या होत्या. पुढे एक सिस्टर, मागे कुणीच नाही. रांगेच्या अगदी शेवटी, जोडीला कुणी नसलेली, सात-आठ वर्षांची एक मुलगी होती. तिच्या दोन्ही हातांना मांजरपाटाच्या पांढऱ्या पिशव्या घालून मनगटाशी नाडीने बांधल्या होत्या. तिने चालता चालता ॲडेलिनकडे पाहिलं, थबकली, आणि पिशवीतला हात उचलून आपल्या डाव्या भुवईवरून कानाकडे ओढला. एवढंच केलं आणि रांग पुढे गेली म्हणून धावत सुटली. पण जिला उत्तर द्यायला ॲडेलिनचा हात उठला होता, ती खूण म्हणजे तिचं नाव होतं. बाप्तिस्म्याचं नव्हे, दुसरं. चार वर्षांची असताना कोपरीच्या मिठागरात फावड्याच्या कडेवर पडून तिची डावी भुवई फाटली होती, आणि त्या दिवसापासून तिची आई, सेलेस्टीन, तिला त्याच नावाने हाक मारत आली होती. सेलेस्टीन जन्माची बहिरी आणि मुकी. त्या नावाने हाक मारणारं जगात एकच माणूस आहे असं ॲडेलिन समजत होती, आणि त्या माणसाला जाऊन आज महिना झाला होता. तिच्यासाठीची महिन्याची मिस्सा देवळात आटोपूनच ती नवऱ्याबरोबर बाजारात आली होती.

“बाई, घ्यायचं हाय का नुसता हातच उचलायचा हाय?” मासळीवाली म्हणाली. मग तिने मान वाकडी करून ॲडेलिनच्या टोपीखाली डोकावून पाहिलं. “अगो, तू सेलेस्टीनची ना? मोजे घातलेस म्हनून वळखली नाय. तुझी माय दोन बोटं दाखवी नि मी दोन मासे देई. उभ्या जन्मात कवा भांडन नाय जालं आमचं. बोलनारीच भांडतात मेल्या.”

ॲडेलिनने हात खाली घेतला. उन्हात हातमोजे आतून ओले झाले होते. कल्याणच्या रेल्वेच्या वसाहतीत राहायला गेल्यापासून ती बाहेर पडताना हातमोजे घालत असे, वैशाखातसुद्धा. वसाहतीतल्या इतर बायका घालत म्हणून, असं ती स्वतःला सांगे. नॉर्मन तिच्या मागे घड्याळ हातात घेऊन उभा होता. “ते राहू दे, वास येईल गाडीत,” तो म्हणाला. “आधी शाळेतून तुझ्या आईची पेटी घेऊ. मदरने दोनदा चिठ्ठी पाठवलीय.” नॉर्मन कल्याणच्या स्टेशनात तारमास्तर होता. दिवसभर एका बोटाने तो कसाऱ्यापर्यंत, इगतपुरीपर्यंत बोलत असे, आणि दर रविवारी कुणी ना कुणी पाहुणा आला की जेवणाच्या टेबलावर चमच्याने कटकट करून त्याचं नाव वाजवून दाखवत असे. पाहुणे टाळ्या वाजवत. ॲडेलिन त्या वेळी ताटाकडे बघत राही. लग्नाआधी तिने त्याला सांगितलं होतं की माझी आई बहिरी आहे, आणि तिच्या खुणा मला येत नाहीत, मला लहानपणीच मठात ठेवलं ना. पहिलं खरं होतं. दुसरं त्याने कधी तपासून पाहिलं नाही, कारण तपासायची वेळच तिने येऊ दिली नाही. आई त्या शाळेत स्वयंपाकाला होती; तिला भेटायला ॲडेलिन एकटी येई, शाळेच्या स्वयंपाकघरामागच्या खोलीत दार लोटून बसे, आणि तिथे अर्धा तास तिचे हात मोकळे होत. मग ती पुन्हा हातमोजे चढवी. आई ते मोजे दाराशी उभं राहून बघत असे. कधी काही म्हणाली नाही. म्हणजे हातांनीही नाही.

तळ्याला वळसा घालून जाताना ती नॉर्मनच्या दोन पावलं मागे राहिली. देवळाच्या बाजूला आल्यावर तिला नेहमीसारखाच मेणबत्त्यांचा आणि ओल्या लाकडाचा वास आला, आणि त्या वासाबरोबर ती दहा वर्षांची होऊन आईच्या लुगड्याला चिकटून उभी राहिली. नाताळाच्या आधीचा आठवडा. सगळा कोपरी गाव पापांची कबुली द्यायला आला होता. बहिऱ्या-मुक्या माणसाने कबुली कशी द्यायची? तर म्हाताऱ्या पाद्रींनी ठरवलं की तिचे हात जे बोलतील ते पोरीने जाळीआड मला तोंडाने सांगावं, असं चालतं, पण पोरीने ते मरेपर्यंत कुणाला सांगता कामा नये. “समजलं ना? कुणाला म्हणजे कुणाला नाही. बापालाही नाही.” मग आई गुडघे टेकून बसली आणि तिचे हात बोलू लागले. मूठभर मीठ मिठागरातून घरी आणलं. नवऱ्यावर राग धरला. शेजारणीच्या कोंबडीला दगड मारला. ॲडेलिन एकेक सांगत गेली, पाद्री हूं हूं करत गेले. मग आई थांबली. तिने ॲडेलिनकडे न बघता, समोरच्या लाकडाकडे बघत, भुवईवरून बोट ओढलं, मग आपल्या कानाला हात लावला, मग छातीला. ही पोर माझ्यासारखी जन्मली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. ती मोठी होईल आणि जाईल. माझ्यासारखी असती तर गेली नसती. “काय म्हणते?” पाद्रींनी विचारलं. ॲडेलिनचे कान तापले. देवळात मागे बायका खाकरत होत्या, कुणाचं तरी बाळ रडत होतं, आणि ते सगळं तिला ऐकू येत होतं. इतकं स्वच्छ त्याआधी कधीच आलं नव्हतं. ती म्हणाली, “माय म्हणते, तिने एक बोंबील चोरला.”

पाद्रींना हसू आलं असावं. बोंबलाची माफी झाली. आई समाधानाने उठली, आपलं खरं पाप धुतलं गेलं असं समजून, आणि घरी येताना तिने वाटेत ॲडेलिनला गूळ-खोबरं घेऊन दिलं. ते तिने खाल्लं. पुढे मठाच्या शाळेत इंग्रजी आलं, मग फ्रेंच आलं, मग लॅटिन आलं, कपाटातली पुस्तकं संपली तेव्हा मदर लोकांनी मुंबईहून आणखी मागवली; आणि त्या सगळ्या पुस्तकांत ती एकच गोष्ट शोधत होती असं तिला आता, या तळ्याच्या काठी, वाटलं. दुभाष्याने खोटं सांगितलं तर पाप कुणाचं राहतं? पुस्तकांत उत्तर होतं. एकात नव्हे, तीनांत होतं, आणि तिन्ही आईच्या बाजूचं होतं. आईला काही बाधत नाही. उरलेलं, दुभाष्याविषयीचं, तिने वाचलं नव्हतं.

शाळेचं फाटक आलं. नॉर्मनने टोपी काढली. मदर सुपिरियर दोन वर्षांपूर्वी युरोपातून आल्या होत्या, आणि त्या येईपर्यंत ही शाळा म्हणजे बारा-पंधरा मुली, तीन सिस्टर आणि स्वयंपाकघरातली सेलेस्टीन एवढीच होती. तेव्हा इथे कुणी कुणाला तोंडाने हाक मारत नसे. जेवण झालं की सेलेस्टीन उंबऱ्याशी पाय आपटी, फरशी थरथरे, आणि सगळ्या मुली एकदम मान वर करत. प्रत्येकीला हातावरचं एक नाव होतं आणि बहुतेक नावं सेलेस्टीननेच ठेवलेली. तांदूळ निवडताना गप्पा चालत. निवडणारे हात आणि बोलणारे हात एकच असल्यामुळे तांदूळ काही लवकर संपत नसत, आणि सिस्टर रागवत. मोठ्या मुली धाकट्यांना शिकवत, धाकट्या घरून आणलेली एखादी खूण सगळ्यांना देऊन टाकत. मग नव्या मदर आल्या आणि त्यांच्याबरोबर नवी रीत आली. मुक्या मुलांना ओठांनी बोलायला शिकवता येतं. हातांची सवय मोडली तरच येतं. आरशासमोर बसून, गळ्यावर बोट ठेवून, ‘प’ म्हणायला, ‘ब’ म्हणायला. वर्गात शिरताना मदर स्वतःचे हात पाठीमागे नेऊन दाखवत, आणि पंधरा जोड्या हात पाठीमागे जात. हात मागे. ॲडेलिनला ते पटलं होतं. नुसतं पटलं नव्हतं. मुलींच्या आईबापांना वाचून दाखवायला मदरांनी जे छोटं पुस्तक छापून घेतलं, त्याचं मराठी तिने केलं होतं. रात्री रात्री बसून, सुबक, सोपं. त्यातलं सातवं कलम तिला पाठ होतं, कारण त्यातला एक शब्द तिने चार वेळा बदलला होता: ‘जे मूल वारंवार खुणा करील त्याच्या हातांस कापडी पिशव्या घालाव्या. नाडी मनगटाशी बांधावी. गाठ मुलास सोडविता येऊ नये अशी असावी.’ आधी तिने ‘सुटू नये’ लिहिलं होतं. मग ‘सोडविता येऊ नये’ केलं, जास्त नेमकं वाटलं म्हणून. छापील प्रत तिने आईला आणून दिली होती. आईला वाचता येत नव्हतं. लेकीचं नाव कुठे आहे ते बोटाने विचारून घेऊन तिने ते पुस्तक येशूच्या तसबिरीमागे ठेवलं.

पेटी दिवाणखान्यात आणून ठेवलेली होती. लहान, पत्र्याची. “आपली आई फार प्रामाणिक बाई होती,” मदर सुपिरियर म्हणाल्या. त्यांचं मराठी पुस्तकी आणि स्पष्ट होतं, प्रत्येक अक्षर आरशासमोर घासल्यासारखं. “आम्हांस तिची उणीव भासते. मुलींसही भासत असेल. पण त्यांच्या मनात काय आहे हे कसे कळावे?”

“त्यांना सांगितलं का?” ॲडेलिनने विचारलं. तिचा आवाज तिला परका वाटला.

“काय?”

“आई गेली ते.”

मदरांनी पावतीचा कागद पुढे ओढला. “त्या दिवशी आम्ही मुलींना वर्गात बसविले आणि खिडक्या लावून घेतल्या. उगाच भ्यायल्या असत्या. मृत्यू ही कल्पना त्यांना समजावून देण्याइतके शब्द अजून त्यांच्याकडे नाहीत. यंदा आम्ही ‘आई’पर्यंत आलो आहोत.”

पेटी उचलायला स्वयंपाकघरातून सखूबाई आली. सेलेस्टीनच्या जागी ठेवलेली ही बाई, बोलायला कुणी नाही म्हणून महिनाभर तुंबलेली. मदर नॉर्मनला पावतीवर सही कुठे करायची ते दाखवायला वळल्या, तेवढ्यात ती ॲडेलिनच्या कानाशी आली. “बाई, तुम्ही तिची लेक ना? मग त्या गोदीचं कायतरी करा. खडवलीकडची ती, कुनब्याची. दर जेवनाला दोन ताटल्या मांडती दारात. एक आपली, एक तुमच्या आईची. समोरची ताटली भरल्याबिगर घास नाय घेत. मी भरती, काय करू? मग तुमच्या आईची निवते, तिचीबी निवते, आन् पोर उपाशी. शंभरदा ईचारती हातानं, कोन दिसंल त्याला ईचारती, म्हनून बांधल्यात पिशव्या. मला काय कळतंय तिचं? मी आपली मान हालवती. हो म्हनली का नाय म्हनली, मलाच ठावं नाय.”

गोदा. कानाची पाळी दोन बोटांत धरायची, की गोदा. ती आली तेव्हा तिच्या एकाच कानात बाळी होती. तिच्या बापाने तिला फाटकातून आत सोडलं आणि तो पाठ न वळवता मागे मागे गेला, कारण पाठ वळवली तर पोर धावत येईल. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, सांगणार कसं? त्याच्या घरात पोरीशी बोलायला ‘ये’, ‘जा’, ‘जेव’ एवढ्याच खुणा होत्या. मग ती फाटकाशी बसून राहिली. खाईना. आठ दिवस. हे सगळं आईने ॲडेलिनला त्या मागच्या खोलीत सांगितलं होतं, हसत, हात नाचवत: मी पण फाटकाशी जाऊन बसले. ताटली घेऊन. तिच्यासमोर जेवले. तिसऱ्या दिवशी तिने माझ्या ताटलीतलं उचललं. मग मी तिला सांगितलं, बाप भात कापून झाला की येतो. तिला भात कळला, विळा कळला, बाप कळला. टाकलं नाही, ठेवलंय, हे कळायला महिना गेला. आणि खरोखरच दिवाळीनंतर तो आला होता, चिवड्याची पुरचुंडी घेऊन, आणि गोदा त्याला सोडून आधी स्वयंपाकघरात धावली होती, तुझं खरं झालं हे सांगायला.

आणि त्यानंतर तो दिवस, ज्याच्या आसपास ॲडेलिन महिनाभर फिरत होती आणि आत पाऊल टाकत नव्हती. मागची खोली. दुपार. आईचा ताप उतरतच नव्हता. तरुण पाद्री शेवटच्या संस्काराचं तेल घेऊन आले होते. मदर पायथ्याशी उभ्या. नॉर्मन दारात, टोपी हातात. आईचे डोळे सगळ्यांवरून फिरून ॲडेलिनवर आले आणि तिचे हात चादरीवरून उठले. कानाची पाळी. सांग. मग आपली स्वतःची खूण. मग उभा तळहात पाण्यातून पोहत जातो, थांबतो, आणि आडवा होतो, माशासारखा. गोदाला सांग. मी टाकून गेले नाही. मेले. पुन्हा कानाची पाळी. सांग. इतकं साधं वाक्य होतं. मुलाला कळेल असं. “काय म्हणतात त्या?” पाद्रींनी ॲडेलिनला विचारलं. “कबुली द्यायची आहे का? आपल्याला कळतं का?” मदर बघत होत्या, ज्यांच्यासाठी तिने ते पुस्तक केलं होतं. नॉर्मन बघत होता. आणि ॲडेलिन, जी चार भाषा वाचत होती, म्हणाली, “नाही, फादर. मला कळत नाही.”

आईला ऐकू येत नव्हतं, पण ओठांवरचं ‘नाही’ तिला आयुष्यभर कळत आलं होतं. तिचे हात हवेत राहिले. पाद्रींनी लॅटिनमधून सुरुवात केली. डोळ्यांना तेल लावलं, डोळ्यांनी जे पाप झालं त्याची क्षमा असो. कानांना लावलं, कानांनी जे पाप झालं त्याची क्षमा असो. आणि ॲडेलिनला ते लॅटिन शब्दन् शब्द समजत होतं. ओठांना लावलं. मग त्यांनी ते दोन उठलेले हात हळुवारपणे धरले, एकत्र आणले, तेल लावलं, आणि छातीवर मिटवून ठेवले. ते पुन्हा उघडले नाहीत. संध्याकाळी आई गेली.

“ॲडी,” नॉर्मन म्हणाला, “निघायचं ना? हमाल बघतो.”

ती स्वयंपाकघराच्या बाजूला चालू लागली होती. मागून मदरांची पावलं आली, नॉर्मनची आली. दाराच्या बाहेर, सावलीत, गोदा मांडी घालून बसली होती. समोर दोन ताटल्या. एकीत भात आणि डाळ, वर साय धरलेली, दुसरीतही तेच. पिशव्यांमुळे तिला जेवताही येणार नव्हतं; जेवायच्या वेळी सखूबाई सोडी आणि नंतर परत बांधी, पण आज पेटीच्या गडबडीत सोडायचं राहून गेलं होतं. ॲडेलिन तिच्यासमोर खाली बसली. झग्याचा घेर धुळीत पसरला. गोदाने तिच्याकडे पाहिलं, पुन्हा भुवईवरून पिशवी ओढली, आणि दारातल्या रिकाम्या जागेकडे मान केली. कुठे?

ॲडेलिनने नाडीची गाठ धरली. गाठ फार नेमकी होती. हातमोज्यांनी ती पकडता येईना, दोनदा निसटली. मग तिने दातांनी एकेक बोट ओढून हातमोजे काढले आणि धुळीत टाकले, आणि नखांनी गाठ सोडवली. एक. मग दुसरी. आतले हात उबलेले, पांढरे, सुरकुतलेले होते, बराच वेळ पाण्यात राहिलेल्या हातांसारखे.

“मिसेस, हे योग्य नव्हे,” मदर म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. चकित झाल्या होत्या. “शिवाय आपणांस तर ही भाषा येत नाही.”

“येते,” ॲडेलिन म्हणाली. मागे वळून पाहिलं नाही. “मला येते. आईच्या अंथरुणाशीही येत होती.”

नॉर्मनच्या बुटांचा आवाज थांबला.

तिने आईची खूण केली. मग तळहात उभा धरला, पाण्यातून नेला, आणि आडवा केला. गोदा बघत राहिली. कपाळाला आठी. ॲडेलिनने पुन्हा केलं. गोदाचे डोळे तळहातावरून तिच्या तोंडाकडे आले, तिथून परत तळहातावर. मग तिचे हात सुटले, भराभरा, महिनाभराचे. कधी? ॲडेलिनने चंद्र दाखवला, एक. तू होतीस? होते. ती बोलली? ॲडेलिनने मान हलवली, बोलली. काय? कानाची पाळी. सांग. टाकून गेले नाही. गोदाने ते बोटाबोटाने घेतलं, जणू हातात मोजून ठेवलं. मग तिने ॲडेलिनच्या छातीवर बोट टेकवलं. आणि तू? तू काय म्हणालीस?

इथे पडदा नव्हता, जाळी नव्हती, मध्ये दुभाष्या नव्हता. ॲडेलिनने आपल्या कपाळाला हात लावला, आणि तो नकारार्थी हलवला. मला कळत नाही, असं म्हणाले. कळत होतं. तरी म्हणाले. सगळे बघत होते.

गोदाने तिच्याकडे पाहिलं. ते पाहणं फार वेळ चाललं. त्यात क्षमा नव्हती, रागही नव्हता. एखादी मोठी मुलगी धाकटीने नीट न निवडलेल्या तांदळाकडे बघते तसं ते होतं. मग ती पुढे सरकली आणि तिने ॲडेलिनचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तो उभा केला. अंगठा बाहेर आला होता, तो आत दाबला. आणि मग तो हात हवेतून चालवू लागली, सावकाश, ॲडेलिनने केला होता त्याहून कितीतरी सावकाश, जसा तो खरोखर पाण्यातून जातो. मध्येच एकदा वळसा देऊन, एकदा थांबवून. आणि शेवटी आडवा करताना तिने तो एकदम पाडला नाही. बोटं एक-एक करून मिटवली. करंगळी सर्वांत शेवटी.

मग तिने हात सोडला आणि मान हलवली. पुन्हा कर.

ॲडेलिनने पुन्हा केलं. अंगठा परत बाहेर आला. गोदाने तो आत दाबला. पुन्हा. मागे मदर उभ्या होत्या, नॉर्मन उभा होता, स्वयंपाकघराच्या जाळीतून सखूबाई बघत होती, आणि वर्गाच्या खिडकीत एकेक करून तोंडं गोळा होत होती, सगळ्यांचे हात पाठीमागे. ॲडेलिनचा हात त्या सगळ्यांच्या देखत पाण्यातून चालला होता. सहाव्या की सातव्या खेपेला गोदाने दुरुस्ती केली नाही. तिने आपली ताटली जवळ ओढली, आणि दुसरी ताटली ॲडेलिनच्या पुढ्यात सरकवून, ती जेवते का हे बघत बसली.